थंडीला भिणारं विमान

केळुसकर डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या, घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला पालथा हात लावायचे आणि मग माणसांकडे बघायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडून "या" म्हटलं, तर हे माझ्या शेजारून सरळ भिंतीपाशी गेले. "वरून गार आहे. आत हवा धरलीय," म्हणाले. खिशातून बारकी किल्ली काढून हवा सोडली, गळलेलं पाणी रुमालानं पुसलं आणि मग मला नमस्कार केला. तोवर मी त्यांना कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, दुरुस्तीवाला समजत होते.

ते आमच्याच रस्त्यावर, चार घरं सोडून राहायचे. माझा मुलगा विलास नॉटिंगहॅमच्या ज्या इस्पितळात नोकरीला होता, तिथेच ते ऑपरेशनच्या आधी भूल द्यायचे. त्यांची बायको सुमन तिथलीच वॉर्ड सिस्टर. मी १९८६ साली गुहागरकडून नातवंडं सांभाळायला आले, तेव्हा सुनेनं सांगितलं की या डॉक्टरांचं स्वतःचं विमान आहे. बघितलं तर ते आमच्या गावच्या टेम्पोएवढं. चार माणसं अंग चोरून बसतील, एवढीच जागा. दार तर मांजरानं ढकललं तरी उघडेल.

या विमानाला थंडी बाधते, हे डॉक्टरांचं मोठं दुःख होतं. ते मला समजावून सांगायचे. "मावशी, थंडीत तुमचं खोबरेल गोठतं ना? तसं इंजिनातलं तेल घट्ट होतं. तसंच चालू केलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटात इंजिन झिजतं. गरम न करता इंजिन चालू करणं म्हणजे भूल न देता पोट फाडणं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सगळ्यांना ऐकवलेलं होतं. दूधवाल्याला, शेजारच्या गोऱ्या म्हातारीला, गणपतीच्या पूजेला लेस्टरहून आलेल्या भटजींनासुद्धा. भटजी म्हणाले, "खरं आहे," आणि लगेच आरतीला सुरुवात केली.

नोव्हेंबर लागला की डॉक्टर कामाला लागायचे. एका वर्षी त्यांनी सुमनच्या कपडे वाळवायच्या मशिनची जाड नळी काढून नेली. तिचं एक टोक पंख्याच्या हीटरला आणि दुसरं विमानाच्या नाकात. आठवडाभर घरात ओले कपडे लोंबत होते. मग इंजिनातलं तेल डब्यात काढून घरी आणायला लागले, सकाळी स्वयंपाकघरात गरम करून परत नेऊन ओतायचे. सुमननं तेलासकट त्यांना बाहेर काढलं. तेव्हा ते डबा घेऊन माझ्याकडे आले.

आमच्याकडे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं. त्यात टॉवेल ठेवतात, आणि मी दही लावायचे. डॉक्टरांनी कपाटात डोकं घालून हात फिरवला.

"मावशी, तुमचं दही लागतं का इथे?"

"लागतं तर. सुरीनं कापावं लागतं."

"मग माझं तेल ठेवा."

"माझ्या दह्याला वास लागला तर डबा बागेत फेकीन."

"झाकण घट्ट आहे," म्हणाले, आणि ठेवून गेले. तो हिवाळाभर आमच्या कपाटात वरच्या फळीवर दही आणि खालच्या फळीवर विमानाचं तेल. वास लागला नाही, हे मी कबूल करते.

एकदा मी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसले होते. डॉक्टर आले आणि खाटकानं बकरी चाचपावी तशी ती चाचपून बघितली. पाच पदर मोजले. दुसऱ्या दिवशी इंजिनाचं माप घेऊन हजर. मी म्हटलं, "डॉक्टर, लोक बाळंतिणीला गोधडी मागतात." ते म्हणाले, "बाळंतीण सांगू तरी शकते की मला गार वाजतंय." मग शिवून दिली. विमानाच्या नाकावर बसेल अशी, खाली बांधायला नाड्या. पुढच्या दोन भोकांसाठी दोन उशाही शिवल्या, म्हणजे आत वारा जायला नको. उडायच्या आधी त्या काढायच्या आठवणीनं, म्हणून त्यांना लाल काठ लावले. विमानतळावरच्या शेडमधले गोरे लोक म्हणे आधी हसले. मग ज्याचं त्याचं इंजिन सकाळी खोकायचं आणि यांचं पहिल्या झटक्यात चालू व्हायचं, तेव्हा गप्प झाले. केळुसकरांचं इंजिन कधी थंड सापडायचं नाही, असं त्या शेडमध्ये त्यांचं नाव झालं. त्या नावाला ते फार जपायचे.

हे सगळं कशासाठी, ते मला सुमनकडून कळलं. अकरा वर्षांपूर्वी विमान घेतलं तेव्हा डॉक्टरांनी तिला एका डिसेंबरात वर नेलं होतं. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "पाय गोठले माझे. त्या फ्रिजात मी पुन्हा बसणार नाही." झालं. तेव्हापासून या माणसाचा एकच ध्यास, सुमनला पुन्हा एकदा शेजारी बसवून वर न्यायचं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "उन्हाळ्यात न्या की."

"उन्हाळ्यात कोणीही बसेल, मावशी. थंडी वाजली म्हणाली ना, मग थंडीतच नेणार. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी वरून जे दिसतं ते तिनं बघायलाच पाहिजे."

इंजिनाची ऊब आत घ्यायची तोटी त्यांनी दोनदा बदलली. त्या उबेबरोबर विषारी धूर आत येऊ शकतो, म्हणून समोर एक कार्ड चिकटवलं. धूर आला की त्यावरचा ठिपका काळा पडतो. "लोकांना झोपवायचं काम इस्पितळातच बरं," म्हणाले.

सुमनकडे दर वर्षी नवं कारण असायचं. हातमोजे सापडत नाहीत, सर्दी झालीय. शेवटी मीच कंटाळले. एका फेब्रुवारीत म्हटलं, "बस गं एकदा. मी पण येते. माझी गोधडी काय कामाची आहे ते बघू दे मला." सत्तरीची चौथी शिकलेली बाई बसते म्हटल्यावर सिस्टर नाही कशी म्हणणार? आली.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा गवत पांढरंफेक होतं. डॉक्टर आम्हाला घ्यायला घरी येण्याआधी पहाटेच तिथे जाऊन सगळं लावून आले होते. गोधडी सोडली आणि मला म्हणाले, "हात लावा." लावला. गाभण गाईच्या पोटासारखं ऊबदार. आत तर तीन बैठकांवर गरम पाण्याच्या तीन रबरी पिशव्या, त्यांना टॉवेल गुंडाळलेले. मी मागे बसले, सुमन पुढे डॉक्टरांशेजारी. पाच मिनिटांत मी शाल काढली. दहा मिनिटांत स्वेटर.

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. डॉक्टरांनी मागे वळून एक गोल तबकडी दाखवली. "मावशी, हा तेलाचा काटा. हिरव्या पट्ट्यात आला की इंजिन तयार." आम्ही जागच्या जागी उभे असतानाच काटा हिरव्यात जाऊन बसला. पोरगा पहिला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

विमान हळूहळू धावपट्टीकडे निघालं. मी सुमनकडे बघितलं. या बाईच्या आवाजानं वॉर्डातले मोठे सर्जन सिगारेट पाठीमागे लपवतात, हे विलासनं मला सांगितलेलं. तिनं एका हातानं दाराची पट्टी धरली होती, दुसऱ्यानं बैठकीची कड. बोटं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, रामरक्षा चालली होती. आणि कपाळावर घामाचे थेंब. थंडी वाजणाऱ्या माणसाला घाम येत नाही. बाई घाबरली होती. बहुतेक अकरा वर्षं घाबरलेलीच होती, आणि सिस्टर असल्यामुळे तिला ते तोंडानं म्हणता येत नव्हतं.

धावपट्टीच्या टोकाला डॉक्टर थांबले. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. त्यांनी इंजिनाचा जोर वाढवायच्या दांड्यावर हात ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.

"चला ना," ती म्हणाली. "थांबलात कशाला?" आवाज डोळे मिटून इंजेक्शन घेणाऱ्या पोरीचा.

डॉक्टरांनी दांड्यावरचा हात काढला. तबकडीवर बोटानं टकटक केलं. "छे. काटा वर येत नाही. इंजिन थंड आहे. असं उडता येणार नाही."

मी मागून वाकून बघितलं. काटा हिरव्याच्या मधोमध होता. त्यांनी रेडिओत इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि विमान वळवलं.

सुमनच्या जिवात जीव आला. जीव आल्याबरोबर आवाजही आला. "अकरा वर्षं गरम करताय आणि अजून थंडच? माझी ड्रायरची नळी गेली ती गेलीच. तरी मी सांगत होते तुम्हाला."

"हो. चुकलंच," डॉक्टर म्हणाले.

शेडपाशी तिथला म्हातारा गोरा मेकॅनिक उभा होता. न उडताच परत का आलात, असं त्यानं विचारलं. डॉक्टरांनी चार माणसांदेखत, मान खाली न घालता सांगितलं, "कोल्ड इंजिन." बाकीचे एकमेकांकडे बघून हसले. मेकॅनिकनं विमानाच्या नाकावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. डॉक्टरांकडे बघितलं, गाडीकडे निघालेल्या सुमनकडे बघितलं, आणि हसणाऱ्यांना म्हणाला की चहा कोणाला पाहिजे. डॉक्टर गोधडीच्या नाड्या बांधत बसले.

परत येताना गाडीत सुमन एकसारखी बोलत होती. मध्येच माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही तरी सांगा यांना. गार होतं की नाही आत?"

माझा स्वेटर अजून मांडीवर होता आणि पोलकं पाठीला चिकटलेलं. डॉक्टर आरशातून माझ्याकडे बघत होते.

"होतं तर," मी म्हटलं. "पाय बधिर झालेत माझे."

डॉक्टरांनी हात पुढे केला आणि माझ्यासाठी गाडीचा हीटर पूर्ण वर केला. घर येईपर्यंत मी घामानं निथळत बसले.