सात किलोंत आल्प्स

सामान भरण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या शारजात सापडायचा नाही! हे मी म्हणत नाही, ऑफिसातले लोक म्हणतात. (मीच त्यांना सांगितलंय, पण ते असो.) सोळा वर्षं मी जेबेल अली बंदरावरच्या गोदामात कंटेनर भरतोय. जिथे दुसरा माणूस चाळीस फ्रीज बसवेल, तिथे मी पंचेचाळीस बसवतो आणि वर डबा खायला जागा ठेवतो.

तर आम्ही आल्प्सला निघालो होतो. त्यामागे बावीस वर्षांचा इतिहास आहे. लग्न झाल्यावर मी शोभनाला म्हणालो होतो, "मनालीला नेतो, बर्फ दाखवतो." नेलं माथेरानला. तेही मे महिन्यात! तेव्हापासून आमच्या फ्रीजच्या दारावर बर्फाच्या डोंगराचं एक चित्र चिकटवलेलं आहे. शारजाच्या रोल्ला भागातली तीन घरं बदलली, फ्रीज बदलले, चित्र तेच.

"अहो, एकदा दोघांचा बर्फातला फोटो काढायचाय," ती यंदा शांतपणे म्हणाली. "या वेळी नाही जमलं ना, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

बायको ओरडली तर नवरा निभावून नेतो. ती शांत झाली की मात्र तिकिटं काढावीच लागतात. मी काढली.

मलाही आल्प्सला जायचंच होतं, पण हॅनिबलसाठी. दोन हजार वर्षांपूर्वी हा सेनापती सदतीस हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून गेला! नेमका कुठल्या खिंडीतून गेला, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. माझं झालं होतं. त्यावर मी सतरा पानांच्या नोट्स काढल्या होत्या आणि त्या खिंडीत उभं राहून घरच्यांना वाचून दाखवणार होतो.

अडचण एकच होती. स्वस्तातल्या विमानात माणशी सात किलोंची हातातली बॅग, बस! मोठ्या बॅगा हव्या असतील तर चौघांचे चौदाशे दिरहम. म्हणजे बत्तीस हजार रुपये!

"भरून टाका," शोभना म्हणाली.

"बत्तीस हजार? आणि मी लॉजिस्टिक्समध्ये कशाला आहे? बॅगेचं वजन करतात, माणसाचं नाही! जड ते सगळं अंगावर घालायचं."

"बाबा, इट्स जुलाय," सृष्टी म्हणाली. ती बारा वर्षांची आहे.

"आल्प्सला जुलै नसतो," मी म्हणालो.

निघायच्या दिवशी सकाळी मी स्वतःला स्वतःच्या हातांनी लोड केलं. आत थर्मल, त्यावर दोन शर्ट, दोन स्वेटर, सगळ्यांत वर गुडघ्यापर्यंतचा कोट. कोटाला अकरा खिसे होते. त्यांत मेतकूट, गोडा मसाला, चकल्या, दोन चार्जर, एक लाटणं आणि हॅनिबल. मुक्कामाच्या घरात स्वयंपाकाची सोय होती म्हणून कुकरही घेतला होता. कुकरच्या भांड्यात डाळ-तांदूळ भरून ते शोभनाच्या बॅगेत ठेवलं. झाकणाचा दांडा मात्र काही केल्या आत बसेना. मग ते मी तिच्या ओढणीने पोटावर बांधून घेतलं.

"सुसाइड बॉम्बर नाही ना वाटत?" असं काहीतरी आमचा मुलगा वेदांग इंग्रजीत पुटपुटायला लागला, तसं शोभनाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "एअरपोर्टवर तोंड उघडायचं नाही!"

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. टॅक्सीवाल्या पठाणाने आरशातून आम्हा चौघा कोटवाल्यांकडे पाहिलं आणि हळहळून विचारलं, "साब, बुखार है? एसी बंद कर दूँ?"

"नको नको! एसी फुल! यल्ला, चलो!" आम्ही चौघे एकदम ओरडलो.

बॅगांचं वजन झालं. सात, सात, सात आणि सहा किलो नऊशे! काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. निदान मला तरी ते कौतुक वाटलं. मी शोभनाला म्हणालो, "बघ! याला म्हणतात प्लॅनिंग!"

आणि पुढे सिक्युरिटी आली.

आता एक कबूल करतो. कंटेनरला कुणी कधी कोट काढायला सांगत नाही, त्यामुळे हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी कोट काढला, स्वेटर काढले, खिसे रिकामे केले. एकट्या माझे नऊ ट्रे झाले! मागची रांग परफ्यूमच्या दुकानापर्यंत गेली. मग धातू शोधणाऱ्या दारातून गेलो, तर ते माझ्या पोटापाशी किंचाळलं.

"हबीबी, व्हॉट इज धिस?" अधिकाऱ्याने पोट वाजवून विचारलं. टणटण आवाज आला.

"कुकर का ढक्कन, सर."

"अँड कुकर?"

"वाइफ के पास."

त्याने शोभनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एक मोठा सुस्कारा सोडून म्हणाला, "खलास. गो, गो."

सगळे कपडे हातांत कोंबून आम्ही धावत सुटलो. झाकण पोटावर होतंच. गेटपाशी पोचलो तर शेवटची घोषणा चालू! तिथे झारा नावाची एक मुलगी तराजू घेऊन उभी होती.

"सर, जो पहना है वो ठीक है," ती गोड हसून म्हणाली. "जो हाथ में है, उसका वेट होगा."

"मतलब पहन लिया तो चलेगा?"

"पहन लीजिए. पाँच मिनट हैं."

पाच मिनिटांत मी पुन्हा चढवायला लागलो. थर्मल शर्टावर, स्वेटर उलटा, लाटणं बाहीत! धावून आधीच आग झाली होती, त्यात कोटाची बटणं लावली. एका झाराच्या दोन झाल्या. मग चार.

"सर, आर यू ओके?"

"मी मस्त आहे," असं मी एका खांबाला सांगितलं म्हणे.

व्हीलचेअर आली, नर्स आली. तिने कपाळाला यंत्र लावलं. "थर्टी-एट पॉइंट सेव्हन! नो फ्लाइंग टुडे."

शोभनाचा चेहरा उतरला. बावीस वर्षांचा बर्फ दहा पावलांवर होता! कोटातून सतरा पानं काढून मी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "शोभना, तू जा. माझा विचार करू नकोस. मुलांना बर्फ दाखव."

आता अशा वेळी बायकोने काय म्हणायचं असतं? "तुम्हाला सोडून? शक्य नाही!" मी त्यासाठी थोडं थांबलोही.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

"बरं," ती म्हणाली. "पाणी भरपूर प्या." आणि गेली! वेदांगने लांबूनच अंगठा दाखवला.

नर्सने मला सोलायला घेतलं. दहा मिनिटांत ताप उतरला. तेव्हा खिडकीतून आमचं विमान हळूहळू मागे सरकताना दिसत होतं.

दोन दिवस मी कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात पराठे खाल्ले आणि फ्रीजवरच्या चित्राकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. मागे पांढराशुभ्र डोंगर आणि पुढे शोभना, अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये!

"कोट कुठेय तुझा?"

"अहो, खाली एकतीस डिग्री आहे. वर बर्फ आहे, पण ऊन असं की लोक गॉगल लावून आइस्क्रीम खातायत. कोट पहिल्या दिवशीच कपाटात टाकले."

"आणि हॅनिबल?"

"वाचला की! सृष्टीला हत्तींचं फार वाईट वाटलं."

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "खरं सांगू? बर्फ बघितला, फोटो काढले... पण काल संध्याकाळी तुमची फार आठवण आली हो."

झाला प्रकार मी एका क्षणात माफ केला. "मला पण तुझी खूप आठवण येते गं. काल नेमकं काय झालं?"

"वरण लावायला घेतलं," ती म्हणाली, "आणि बघते तर काय, झाकण तुमच्याच पोटावर राहिलं!"