समुद्राच्या सुट्टीचा दिवस

मी भित्री आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. (टोस्टरमधून पाव उडाला की त्याच्यासोबत मीही उडते.) तरी त्या रविवारी खाडीकाठी फिरायला जायचं, आणि तेही न दचकता, असं मी ठरवलं. वसंत होता, झाडांना कोवळी पालवी फुटली होती, आणि नवऱ्याची छापखान्यातली सहा महिन्यांची उमेदवारी सोमवारी संपत होती. तो प्रूफं तपासतो. सोमवारी मालक त्याला कायम तरी करणार होते, नाहीतर घरी तरी पाठवणार होते. घरात बसून काळजी करण्यापेक्षा ती मोकळ्या हवेत करावी, एवढाच माझा विचार.

ओहोटी असली की खाडीतल्या मोठ्या खडकापर्यंत वाळूवरून चालत जाता येतं. ती वाट रोज कितीला पाण्याखाली जाते, याचं महिन्याचं पत्रक नुकतंच नवऱ्याच्या छापखान्यात छापलं होतं. त्याचं प्रूफ तो घरी घेऊन आला होता. मूळ कागद मी मोठ्याने वाचला, त्याने प्रूफावर लाल खुणा केल्या. "तारखा नको, नुसत्या वेळा वाच, लवकर उरकेल," असं तोच म्हणाला. मध्येच खिडकीच्या काचेवर कबूतर आपटलं आणि मी कागदासकट खुर्चीतून उठले. तेवढं सोडलं तर काम निर्विघ्न पार पडलं.

"आणि पाणी आलं तर?" खडकावर चढताना मी विसाव्यांदा विचारलं.

"सहा दहाला येणार. मी स्वतः तपासलंय."

"आणि आत्ता?"

"आत्ता पाच. जरा ती पिवळी फुलं बघ."

मी फुलं बघितली. फुलात मधमाशी होती. मी मागे उडी मारली आणि खडकाच्या पलीकडून वर येणाऱ्या एका टोपीवर किंचाळले. टोपीखाली छापखान्याचे मालक होते. मागून थर्मास घेऊन मालकीणबाई आल्या.

"वा," मालक म्हणाले. "आपल्याच पत्रकावर भरवसा ठेवून आलात. मीही तसाच आलो. अशी माणसं हवीत छापखान्यात."

नवऱ्याचे कान लाल झाले. माझ्या डोक्यात त्याचं कायम झाल्याचं पत्र छापूनसुद्धा झालं. मालकीणबाईंनी चहा ओतला. सगळं इतकं छान चाललं होतं की मला भीतीच वाटायला लागली.

"अरे, पाणी," मी हळूच म्हटलं.

"आता नको हं," नवरा ओठ न हलवता म्हणाला.

"पाणी रे."

"मघाशी तू मधमाशीलाही–"

"वाट कुठेय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. वाट नव्हती. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

मालकांनी खिशातून पत्रक काढलं. घड्याळ पाहिलं, पत्रक पाहिलं, मग बोट पार खालपर्यंत नेलं.

"तीस तारखेसमोर वेळच छापलेली नाही."

"हो, साहेब."

"त्या दिवशी समुद्राला सुट्टी आहे?"

आणि मला ते कबूतर आठवलं. माझी एक ओळ सुटली होती. तिथून पुढे प्रत्येक दिवसाला त्याच्या पुढच्या दिवसाची वेळ मिळत गेली, आणि वाट रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा बुडते. छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्याने बरोबर लावलेले आकडे माझ्या नवऱ्याने एकेक करून चुकीचे केले होते, आणि वर त्याचीच अक्कल काढली होती.

"चूक माझी आहे," नवरा म्हणाला. (घरात कप फुटतो तेव्हा हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही.)

मला राहवेना. "साहेब, यांची नाही, माझी. वाचताना ओळ सुटली. कबूतर आलं होतं."

"आणि शेवटची तारीख रिकामी राहिली तेव्हा?"

"मीच म्हटलं यांना, असेल एखाद दिवस सुट्टी."

मालक माझ्याकडे बघत राहिले. उद्याचं पत्र त्यांच्या तोंडावर मला स्वच्छ वाचता येत होतं.

"अहो, छापण्याआधी शेवटची सही कुणाची असते?" मालकीणबाईंनी थर्मासचं झाकण फिरवत विचारलं.

मालक खोकले.

"तुमचीच ना? चष्मा शोधायचा कंटाळा करून ठोकलेली?"

एवढं बोलून त्यांनी चपला हातात घेतल्या आणि सरळ पाण्यात पाय टाकला. मी डोळे मिटले.

"पोटरीभर आहे," त्या म्हणाल्या. "चला, पुतळे होऊन उभे राहू नका."

आम्ही एका ओळीत निघालो. अर्ध्या वाटेवर पायाला काहीतरी गिळगिळीत लागलं. (शेवाळ होतं, हे नंतर कळलं.) घाबरून मी ज्याच्या पाठीवर चढले, तो माझा नवरा नव्हता. मालकांनी मला काठापर्यंत नेलं.

सोमवारी पत्र आलं. नवरा कायम झाला. खाली एक अट होती: आकड्यांचं प्रूफ तपासताना पत्नी त्या खोलीत नसावी.

संध्याकाळी तो पत्रकाचं शुद्धिपत्र तपासायला घरी घेऊन आला. मी आपणहून गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं. अगदी चूप उभी होते, शपथ.

पण ते कबूतर परत आलं, आणि माझी किंचाळी बंद दारातूनही आत पोचली.

शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र उद्या छापायला जातंय.