शिट्टीवर येणारा बैल

नजीरनं दिलेला पेनड्राईव्ह टीव्हीला लावून पाहू, एवढंच मी त्या दिवशी सकाळी ठरवलं. आमच्या सोनाळ्यात नजीरचं पूर्वी व्हिडिओ सेंटर होतं. तिथं चालायचा तो एक जुना काऊबॉयचा पिच्चर, हिंदीत बोलणारा, त्यानं कुठून तरी पैदा केला होता.

पिच्चर इतक्या गरिबीत काढलेला की साऱ्या मुलखात घोडा एकच. हिरो बसला की घोडा पांढरा, डाकू बसला की काळा. पाठलागात हिरो आधी निघून जायचा, अन् बऱ्याच वेळानं त्याच वाटेनं डाकू यायचा. (मधल्या वेळात घोड्याला रंग देत असतील.) एक डाकू दरीत पडून मेला, तोच पुढच्या सीनमध्ये मिशा लावून हिरोला दारू वाढत होता. हिरो डोंगराला टेकला की डोंगर हलायचा. चांगला पिच्चर माणूस गुमान पाहतो. असा पिच्चर असला की डोळ्यांना काम लागतं. आता कोणता मेलेला उठतो, याची मला इतकी उत्सुकता की संपल्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून लावला.

माझी बायको पंचफुला गहू निवडत बाजूला बसली होती. काऊबॉय म्हणजे काय, असं तिनं विचारलं. गुराखी, मी सांगितलं. (माझं इंग्रजी सातवीत नापास झालेलं आहे, पण घरात चालतं.)

थोड्या वेळानं ती म्हणाली, "गुराखी हाये, तं मंग याच्या गाई कुठी हायेत?"

आख्ख्या पिच्चरमध्ये एक गाय नव्हती. माझ्या बापजन्मी लक्षात आलं नसतं.

माझा जीव अडकला होता शिट्टीत. हिरो संकटात सापडला की दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारी, अन् डोंगरामागून घोडा धावत येई. कसं शिकवलं असेल त्याला? मी ती जागा मागं नेऊन नेऊन पाहत होतो, तेवढ्यात लाईन गेली अन् अंगणात माणसं बोलल्यासारखी वाटली.

आमचा मुलगा धम्मदीप वरवट बकालच्या कडूबाला घेऊन आला होता. कडूबाला जोडीसाठी बैल पाहिजे होता, अन् धम्मदीपला आमचा सोन्या काढायचा होता. ट्रॅक्टर आल्यापासून बैल नुसता बसून खातो, असं त्याचं म्हणणं. (मीही तेच करतो, म्हणून हा विषय मला आवडत नाही.) सोन्या माझ्या हातचा वाढलेला. तो गेला तर मी बोलू कोणाशी? पंचफुला उलटून बोलते.

माझ्या डोक्यात तो घोडा होताच. मी म्हटलं, "हा साधा बैल नाई, कडूबा. शिट्टी मारली का पळत येते माह्याजवळ."

धम्मदीपनं माझ्याकडं नीट पाहिलं. "आला तं ठेवू, बाबा. नाई आला तं आजच तो कडूबाकाकाच्या मांगं जाईन."

सोन्याला लिंबाखालून सोडला. मी घराच्या भिंतीजवळ पाय फाकवून उभा राहिलो, हिरोसारखा, अन् दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

सोन्यानं कान टवकारले. निघाला. पळत निघाला हो. माझी छाती फुगली. तो आला, मला खांद्यानं बाजूला सारलं अन् थेट खिडकीतल्या कूलरवर गेला.

तेव्हा मला उमगलं. बैलाला पाण्यावर नेलं की शीळ घालायची, म्हणजे तो पोटभर पितो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. सोन्याला तर वासरू असल्यापासून मीच शीळ घालून पाणी पाजलेलं. शिट्टी म्हणजे पाणी, एवढंच त्याला ठाऊक. मी भाऊराव म्हणून कोणी आहे, याच्याशी त्याला घेणं नव्हतं. अन् सगळ्यात जवळचं पाणी कूलरच्या टाकीत.

त्यानं शिंगानं कूलरची गवताची ताटी फाडली, तोंड आत घातलं, अन् कूलर स्टँडसकट अंगणात आडवा झाला. कूलर धम्मदीपनं याच उन्हाळ्यात हौसेनं आणलेला. त्यानं कडूबाला फक्त, दोर आणला का, असं विचारलं.

पंचफुला बाहेर आली. मोडक्या कूलरकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. सोन्या सांडलेलं पाणी चिखलासकट ओढत होता, तिकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"सकायपासून पानी दाखवलं व्हतं का याले?"

मी आभाळाकडं पाहिलं.

"मेलेले डाकू पाहून राह्यले व्हते तुमी, अन् हे मुकं जनावर उन्हात तहानेलं." तिनं कडूबाच्या हातातला दोर सोन्यापासून दूर सारला. "बैल कुठी जात नाई, धम्मदीप. कडूबाभाऊ, न्यायचाच असन तं या बुढ्याले न्या."

आईपुढं धम्मदीप बोलत नाही. बैल राहिला.

कडूबा मात्र सरळ माणूस. इतक्या उन्हात आला होता, अन् दाखवलेलं जनावर पाहिल्याशिवाय नाही म्हणायची त्याला सवय नाही. तो माझ्याजवळ आला, बाजारात बैलाचा धरतात तसा अंगठ्यानं माझा जबडा धरला, तोंड उघडून आत पाहिलं, मान वळवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

मग दोर गुंडाळून खांद्यावर टाकत म्हणाला, "नाई जमत, वहिनी. याचे तं दातच सरले."