सातपुते सरांचं नाक

सातपुते सर आमच्याकडे जेवायला आले की आधी ताट उचलून नाकाशी न्यायचे. घास नंतर. भाकरीचा वास घेऊन विचारायचे, "पीक कुठलं?" मी दुकानाचं नाव सांगितलं की चिडायचे. "दुकानात काही पिकत नाही, वहिनी. शेत कुठलं?"

वाखनिंगनसारख्या डच गावात ज्वारीचं पीठ मिळालं हेच माझं नशीब. त्याचं शेत कुठून शोधून आणू?

सर आमच्या शेजारचे. इथल्या विद्यापीठात जवाच्या रोगांवर काम करून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. "जवाशीच लागलं," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. शनिवारच्या बाजारात त्यांनी एकदा चीजवाल्याला विचारलं, "गाईंचा चारा बदललात का?" खरंच बदलला होता. तेव्हापासून तो बिचारा त्यांना लांबून पाहिलं तरी सावध व्हायचा.

कौतुकाच्या बाबतीत हात भलताच आखडता. "काठावर पास" ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी. माझ्या पुरणपोळीला ती तिसऱ्या वर्षी मिळाली, तर नवऱ्याने पुण्याला फोन करून सासूबाईंना सांगितलं.

या नाकाला टरकून असणारा आणखी एक माणूस इंग्लंडमध्ये होता. रॉजर. सर तरुणपणी तिकडे संशोधन करत असताना त्यांच्या जवाच्या वाणांची चाचणी रॉजरच्या शेतात व्हायची. पुढे रॉजर त्याच शेतातला जव गावातल्या एका छोट्या डिस्टिलरीला द्यायला लागला. तिथली त्या जवाची सिंगल माल्ट व्हिस्की तो हौसेने सरांना पाठवायचा आणि सर दरवेळी तिला नापास करायचे. "पिंपाचं लाकूडच बोलतंय. जव गप्प आहे," असं पत्र जायचं. रॉजर पुन्हा पुढची बाटली पाठवायचा.

कोरोनाच्या पहिल्या डिसेंबरात सर आजारी पडले. मी रोज डबा त्यांच्या दाराशी ठेवायची, बेल वाजवायची आणि मागे सरायची. डबा घासून परत यायचा, आत चिठ्ठी: "छान होतं." छान! मी त्या चिठ्ठ्या फ्रिजवर लावल्या. एकदा आमटीची फोडणी साफ करपली होती. तिलाही "छान होतं." मला वाटलं, आजारपणाने माणूस नरमला.

जानेवारीत रॉजरने बाटली पाठवली. ब्रेक्झिटनंतरच्या नव्या कागदपत्रांत अडकून ती यायला मार्च उजाडला. तोवर रॉजरलाच कोरोनाने गाठलं होतं. हॉस्पिटलने त्याला घरी सोडलं, पण बरा झाला म्हणून नव्हे. त्याच्या मुलीने सरांना कळवलं, "बाबांना तुमचा निकाल ऐकायचाय. लवकर."

तेव्हा सरकारी नियमाने घरात दिवसाला एकच पाहुणा चालायचा. त्या रविवारी दुपारी सरांची पाहुणी मी होते, टॅबलेट धरायला.

पडद्यावर रॉजर उशांना टेकून बसला होता. नाकात ऑक्सिजनची नळी. "मग? या वेळी तरी?" एवढं विचारतानाच त्याला धाप लागली.

सरांनी ग्लासात थोडी ओतली, दोन थेंब पाणी घातलं, नाक लावलं, डोळे मिटले. मग एक घोट.

"रॉजर," ते म्हणाले, "जव बोलतोय."

आणि सुटलेच. "ओला पेंढा येतोय, नाल्याकडच्या कोपऱ्यातला. मागून मध. तुझ्या कोठारातली नवी पोती..."

तेवढ्यात मला करपल्याचा वास आला. सरांच्या मागे, चार हातांवर, शेगडीवर दूध उतू जाऊन जळत होतं. धूर निघत होता. सर सांगत होते, "आणि शेवटी बांधावरची पांढरी फुलं." मी टॅबलेट पाण्याच्या जगला टेकवला आणि धावले. शेगडी बंद करून परत आले, तर सर म्हणत होते, "पहिला वर्ग, रॉजर. विशेष प्रावीण्यासह."

रॉजर रडत होता. हसतही होता. मुलीने त्याची नळी सारखी केली आणि कॉल संपला.

मी काळं झालेलं पातेलं सरांपुढे ठेवलं. त्यांनी ते निरखून पाहिलं.

"दूध होतं का?"

"सर, कधीपासून?"

"डिसेंबर. कॉफी नाही, कांदा नाही. तुमचे डबे म्हणजे गरम की गार, एवढंच कळायचं. डॉक्टर म्हणतो, वास येईल परत."

"मग तो पेंढा, ती फुलं?"

"ते शेत मला पाठ आहे, वहिनी." त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. "जन्मभर त्याला नापास करत आलो. आता पुढची बाटली पाठवायला तो असणार आहे का?"

घरी आल्यावर मी फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या.

रॉजर दहाव्या दिवशी गेला. अंत्यविधी स्क्रीनवर पाहिला. सर टाय लावून, बूट घालून, स्वतःच्या हॉलमध्ये तासभर उभे होते. मुलगी बोलताना म्हणाली, शेवटच्या दिवसांत बाबा येणाऱ्या प्रत्येक नर्सला तो निकाल ऐकवत होते. सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

सगळं आटोपल्यावर त्यांनी ती बाटली माझ्यासमोर आणून ठेवली. "आता तुम्ही वास घ्या. आणि खरं सांगा."

"मी आयुष्यात व्हिस्की घेतलेली नाही, सर."

"म्हणूनच."

मी नाक लावलं. आधी नुसता जाळ. डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा लावलं. "आई सातूच्या पिठासाठी धान्य भाजायची, तसा वास आहे," मी म्हटलं. "मग थोडा गूळ. आणि काहीतरी ओलं."

"ओलं म्हणजे? माती की गवत?"

"गवत. कापून ठेवलेलं."

त्यांचं ऐकून मला तसं वाटलं की खरंच तसा वास होता, मला अजून ठाऊक नाही. सर मात्र खुर्चीत बसले. टाय सैल केला.

"म्हणजे मी त्याला फसवलं नाही," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "अजून सांगा."

दृष्टी गेलेल्या माणसाला कुणी पत्र वाचून दाखवावं, तसे ते ऐकत होते. मी गूळ म्हटलं, लाकूड म्हटलं, ऊन म्हटलं. माझे शब्द संपले, तरी ते मला थांबू देईनात.