चवीपुरतं म्हणजे किती?

"दोन दिवस तू झाऱ्याला हात लावायचा नाहीस," असं घड्याळजीनं बायकोला बसमध्ये चढताना सांगितलं, उतरताना सांगितलं आणि मध्ये घाटात तिला मळमळत होतं तेव्हाही सांगितलं.

बायको अठरा वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होती. रोज दीडशे पेशंटांचं जेवण, तेही कमी तेल, कमी तिखट, कमी मीठ. आणि खाणाऱ्यांच्या तोंडाला मुळातच चव नसायची. बरा झालेला माणूस डॉक्टरांचे हात हातात घ्यायचा, नर्सला मिठाई द्यायचा आणि घरी जाऊन सांगायचा, "सगळं उत्तम होतं, जेवण तेवढं सोडून." ती घरी आली की पुन्हा स्वयंपाक होताच. म्हणून यंदा लग्नाच्या वाढदिवसाला घड्याळजीनं ठरवलं, की हिला अशा ठिकाणी न्यायचं, जिथे दुसऱ्यानं केलेलं गरम गरम जेवण हिला बसल्या जागी मिळेल. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला डोंगरातल्या या लहानशा गावातलं पाहुणघर सुचवलं. चार खोल्या, एक मालकीण, आणि तिच्या हाताला अशी चव की लोक डोंगर बघायला येतात आणि जेवून परत जातात. डोंगर बघायचा राहून जातो.

शनिवारी सकाळी दहाला दोघं पोचले. बायको वर खोलीत सामान लावत होती, तेवढ्यात मालकीणबाईंनी घड्याळजीला जिन्याखाली बोलावलं आणि अंगावरची शाल बाजूला केली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"काल संध्याकाळी मागच्या पायरीवरून घसरले," त्या म्हणाल्या. "ज्या हाताला चव, नेमका तोच मोडला बघा."

"अरे बापरे! मग स्वयंपाक?"

"तेच म्हणते, भाऊ. मदतीची बाई सोमवारी येईल. गावात दुसरं खायला मिळायचं ठिकाण नाही. एक बेकरी आहे, ती दुपारी बंद होते. तुमच्या मिसेस हॉस्पिटलात स्वयंपाकाला आहेत असं फोनवर म्हणालात ना? त्यांनी जरा हात लावला, तर..."

"छे छे!" घड्याळजी एवढ्या जोरात म्हणाला, की वर सामान लावायचा आवाज थांबला. त्यानं आवाज खाली आणला. "तिला कळता कामा नये. कळलं, की ती लगेच पदर खोचून उभी राहील. मग ही सुट्टी कसली? ही तर बदली झाली."

"मग परत जाता?"

"बस उद्या दुपारी आहे."

"मग करणार कोण?"

घड्याळजीनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मोहरीपेक्षा लहान स्क्रू चिमट्यात धरून जागच्या जागी बसवणारे ते हात होते. त्यांनी आजवर चहासुद्धा केला नव्हता.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला, "मी करतो."

मालकीणबाईंनी त्याला एप्रन दिला आणि स्टुलावर बसून सांगायला सुरुवात केली. पहिल्या पाच मिनिटांतच दोघांच्या लक्षात आलं, की हे वाटलं तितकं सोपं नाही.

"आता मीठ घाला."

"किती?"

"चवीपुरतं."

"चवीपुरतं म्हणजे किती?"

"अहो, अंदाजानं."

"बाई, अंदाजानं घड्याळ चालत नाही."

"आणि घड्याळाकडे बघून सूप होत नाही. टाका!"

त्यानं टाकलं. थोडं टाकलं, थांबला, आणखी थोडं टाकलं. असं चार वेळा झालं. मग त्यानं फरसबी चिरायला घेतली आणि विचारलं, "फूटपट्टी मिळेल का?"

जेवायच्या वेळी घड्याळजी एप्रन काढून बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, "तू जेवून घे. माझं पोट जरा बिघडलंय."

"बसमध्ये मळमळत मला होतं," बायको म्हणाली, "आणि पोट तुमचं बिघडलं?"

घड्याळजी पोट धरून आत पळाला.

जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ताटल्या सरकवायला एक खिडकी होती. तिच्यातून मालकीणबाई डाव्या हातानं एकेक ताटली पुढे करत होत्या. बाहेर दोनच माणसं जेवायला होती. एक घड्याळजीची बायको आणि दुसरे एक रिटायर्ड हेडमास्तर. हेडमास्तर दर वर्षी याच आठवड्यात फक्त जेवायला म्हणून इथे यायचे. त्यांनी सुपाचा पहिला चमचा तोंडात घेतला आणि पेपर तपासताना थांबावं तसे थांबले.

"बाई," ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आज हात बदललाय."

"थंडी फार आहे ना, सर," मालकीणबाई म्हणाल्या आणि शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

दुपारी दोघांनी मिळून गाव बघायचं, असं ठरलं होतं. पण संध्याकाळचे बटाटे सोलायला घड्याळजीला किती वेळ लागेल, याचा मालकीणबाईंना आता अंदाज आला होता. त्यांनी दोन वाजताच बोलावणं पाठवलं. पोटाचं कारण पुन्हा चाललं नसतं. एकदा बायकोच्या मनात पोटाची काळजी शिरली, की ती पेजेसाठी स्वयंपाकघर गाठणार हे नक्की. म्हणून घड्याळजीनं दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक गुपचूप काढून खिशात घातला.

"अगं, बाईंचं घड्याळ बंद पडलंय," तो बायकोला म्हणाला. "जुनं आहे. आतल्या खोलीत बसून बघतो जरा."

"मघाशी तर ठोके दिले त्यानं," कोपऱ्यात पेपर वाचणारे हेडमास्तर म्हणाले.

"शेवटचे असतील," घड्याळजी म्हणाला.

"सुट्टीतसुद्धा घड्याळच?" बायको म्हणाली. मग तिनं पायात चपला सरकवल्या आणि एकटीच बाहेर पडली. उतारावरच्या रस्त्यानं, सफरचंदांच्या पेट्या रचलेल्या दुकानांवरून ती शेवटच्या वळणापर्यंत गेली आणि तिथल्या बाकावर तासभर बसून परत आली. येताना तिनं त्याच्यासाठी एक सफरचंद आणलं होतं. ते द्यायला तिनं त्याला हाक मारून दारात बोलावलं आणि नाक वर केलं.

"कांद्याचा वास कसला येतोय?"

"घड्याळाला तेल दिलं."

"कांद्याचं?"

घड्याळजीनं सफरचंद घेतलं आणि दार लावून घेतलं.

अंधार पडता पडता जेवण खिडकीतून बाहेर गेलं. कोबीचं सूप, बेकरीतला पाव आणि भाजलेले बटाटे. प्रत्येक बटाट्याचे आठ तुकडे, आणि कोणताही तुकडा दुसऱ्याशेजारी ठेवला तर जुळा भाऊ वाटावा. घड्याळजी खिडकीच्या आतल्या बाजूला, भिंतीला चिकटून उभा राहिला. गिऱ्हाइकाला दुरुस्त केलेलं घड्याळ परत देताना तो असा कधी लपला नव्हता. घड्याळ चालतं की नाही, ते डोळ्यांना दिसतं. हे मात्र दुसऱ्याच्या जिभेवर अवलंबून होतं.

"दिसायला छान आहेत," बाहेरून हेडमास्तरांचा आवाज आला. "सगळे एका मापाचे, नीटनेटके. आतून मात्र कच्चे. माझ्या शाळेत काही मुलं अशीच असायची." मग चमच्याचा आवाज झाला. "आणि सूप म्हणाल, तर हॉस्पिटलात मिळतं तसं."

बायकोनं तिचा चमचा खाली ठेवला. "तुम्ही होतात का हॉस्पिटलात?"

"दोन वर्षांपूर्वी. बारा दिवस."

"तिथलं जेवण जेवलात?"

"जेवलो. करतो काय!"

"आणि बरे झालात."

"झालो की."

"मग?"

हेडमास्तरांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढा लहान आणि एवढा अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. बायको खिडकीकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "मालकीणबाई, बटाटे फार छान झालेत हं. मन लावून केलेत. मला अठरा वर्षांत असं कोणी समोर आणून वाढलेलं नाही."

आत घड्याळजीनं डोळे पुसले. कांदा चिरून तीन तास उलटले होते.

"तुमचे यजमान दिसत नाहीत जेवायला," हेडमास्तरांनी विषय बदलला.

"त्यांना घड्याळ मिळालंय," बायको म्हणाली. तिचा आवाज आता मघासारखा नव्हता. "खरं सांगू, सर? हॉस्पिटलात निदान चार बायका असतात सोबत डबा खायला. इथे मला आणलं आणि हे आत जाऊन बसले. माझ्याबरोबर दोन दिवस काढायचे म्हणजे कंटाळा येणारच म्हणा. बोलायचं तरी काय?"

मालकीणबाईंनी घड्याळजीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. एप्रन काढायचंही त्याला सुचलं नाही. हातात झारा, खांद्यावर बटाट्याची साल अशा अवतारात तो तसाच दार ढकलून बाहेर गेला.

"अगं," तो म्हणाला, "घड्याळ बिघडलंच नव्हतं."

बायकोनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग ती उठली, त्याच्या बाजूनं आत गेली, तिनं मालकीणबाईंचा हात पाहिला, ओट्यावरचा सालींचा ढीग पाहिला, चार ठिकाणी मीठ सांडलेलं पाहिलं आणि बाहेर येऊन पुन्हा आपल्या जागेवर बसली. एक बटाटा उचलून तिनं तो सावकाश चावला.

"कच्चा आहे," ती म्हणाली.

"पण आत्ताच तू म्हणालीस की..."

"ते त्या बाईंना म्हटलं होतं. परक्या माणसाचं मन राखायचं असतं. घरच्याला खरं सांगायचं."

"आणि सूप?"

"पातळ. मीठ घाबरत घाबरत टाकलंय."

हेडमास्तर एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. घड्याळजीही हसला, पण थोडा उशिरा. त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. बरोबर चालणाऱ्या घड्याळाकडे कोणी दोनदा बघत नाही. ते बंद पडलं, की मात्र माणूस तक्रार घेऊन दुकानात येतो. हे तो रोज पाहायचा, आणि लोकांना नावं ठेवायचा. घरच्या जेवणाचं त्यानं स्वतः तेच करून ठेवलं होतं. मीठ कमी पडलं तेवढं तो सांगायचा. उरलेले सगळे दिवस नुसता जेवायचा.

"उद्याचं मी बघते," बायको म्हणाली.

"अजिबात नाही. शब्द दिलाय."

"कच्चे बटाटे खाऊ घालायचा?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं, की तिनं स्वयंपाकघरात यायचं, पण मालकीणबाईंशेजारी हाताची घडी घालून बसायचं. दोघींचे मिळून तीन हात चांगले होते आणि तिन्ही वापरायला बंदी होती. हेडमास्तरांनाही आत बोलावण्यात आलं.

"मी? मी कशाला?"

"नावं ठेवायची तर सोलायलाही लागेल, सर," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी मग हेडमास्तर खाली मान घालून बटाटे सोलत होते आणि प्रत्येक सालीबरोबर निम्मा बटाटा टोपलीत जात होता. घड्याळजी भांड्यापुढे उभा होता. बायकोचा हात दर दोन मिनिटांनी आपोआप पुढे यायचा आणि मालकीणबाई प्लास्टरनं तो हळूच मागे ढकलायच्या.

"चिमूटभर घ्या. टाका. आता चाखा," बायको सांगत होती. "कमी वाटलं तर आणखी. जास्त पडलं तर काटे मागे फिरवता येत नाहीत, म्हणून सावकाश. मिनिटं मोजू नका. सुरी घालून बघा, मऊ लागली की झालं."

"आणि नाही लागली तर?"

"तर थांबायचं. बोलत बसायचं."

मग ते बोलत बसले. हॉस्पिटलातल्या एका म्हाताऱ्या पेशंटाबद्दल तिनं सांगितलं. तो रोज भात परत पाठवायचा आणि रोज मागवायचा. घड्याळजीनं ही गोष्ट आधी ऐकली नव्हती. त्यानं पुढे काय झालं ते विचारलं, आणि पुढे काय झालं ते सांगता सांगता बटाटे झाले.

बारा वाजता ताटल्या बाहेर गेल्या. हेडमास्तरांनी पहिला घास घेतला, काही न बोलता दुसरा घेतला आणि ताटली खिडकीपाशी नेऊन पुन्हा भरून आणली. मालकीणबाईंनी डाव्या हातानं खाऊनही ताटली स्वच्छ केली. घड्याळजी दारात टॉवेल घेऊन उभा राहून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. बायकोनं शेवटचा तुकडा संपवला आणि मान वर केली.

"आणखी आहेत का हो?"

"आहेत की! भरपूर," घड्याळजी म्हणाला.

आत भांड्याचा तळ दिसत होता. सालींबरोबर गेले ते गेलेच होते, उरलेल्यांतले हेडमास्तरांनी दोनदा घेतले होते. ओट्याच्या कडेला त्याची स्वतःची ताटली झाकून ठेवलेली होती, तिच्यात चार तुकडे होते. त्यानं ते चारही नव्या ताटलीत काढले, वरून थोडी कोथिंबीर घातली, म्हणजे ताटली भरलेली दिसावी, आणि बाहेर नेऊन बायकोपुढे ठेवली.

"तुम्हीही बसा ना आता," ती म्हणाली.

"माझं झालं. करता करता, चाखता चाखताच पोट भरलं."

बायकोचा चमचा तोंडाशी गेलेला तसाच थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

"खोटं बोलताय."

"कशावरून?"

"हे वाक्य माझं आहे," ती म्हणाली. दोन तुकडे तिनं ताटलीच्या त्याच्या बाजूच्या कडेला सरकवले आणि पायानं शेजारची खुर्ची बाहेर ढकलली.