एका वेळी एकच वाक्य

प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर असते ती निळी पट्टी आणि तिच्यावर हात मिळवणारे दोन सूटवाले, यांना आपण बनवलेल्या साइटवर पाय ठेवू द्यायचा नाही, हे तिने वर्षभर लांबलेल्या बाळंतपणाच्या रजेतच ठरवून टाकलं होतं. रजा संपल्यावर पहिलंच काम हाती आलं ते लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या साइटचं. तिने पान पिवळंधमक केलं, अक्षरं काळीभोर घेतली. एका वेळी एकच वाक्य, पडदाभर. ते आपसूक वर सरकणार, मग पुढचं. मध्ये थांबवायची सोयच नाही.

"लिफ्टमध्ये शिरलेला माणूस मजल्यांच्या मधे उतरतो का?" असं तिने ऐटीत साहेबांना ऐकवलंही होतं.

साहेबांनी मान डोलावली आणि बजावलं, की लिफ्टवाल्या मालकांना आवडलं तर पुढची मोठी कामं तुझी. नाही आवडलं तर सूटवाले आहेतच; तू मग जुन्या साइटवरचे फोन नंबर बदलत बस.

साइट दाखवायचा दिवस नेमका लेकीला पहिल्यांदाच दिवसभर सासूबाईंकडे ठेवायचा दिवस निघाला. लेक चौदा महिन्यांची, नुकती चालू लागलेली. म्हणजे घरातल्या साध्यासुध्या वस्तूंनाही आठवडाभरात टोकं फुटलेली. तिने सासूबाईंसाठी फोनवर सूचना लिहायला घेतल्या. तीन लिहायच्या होत्या, चौदा झाल्या. त्याच फोनवर लिफ्ट कंपनीने स्वतःची ओळख लिहून पाठवली होती, ती साइटवर चढवायची राहिली होती. एक चप्पल पायात, दुसरी कडेवरच्या लेकीच्या तोंडात, अशा अवस्थेत तिने एक मजकूर साइटवर चिकटवला, दुसरा सासूबाईंना धाडला, लेकीला त्यांच्या हाती दिलं आणि घराबाहेर पडली.

अकरा वाजता बैठकीच्या खोलीची भिंत पिवळी झाली. सत्तरीचे मालक खुर्ची पुढे ओढून बसले. हातभर उंचीच्या अक्षरांत पहिलं वाक्य वर आलं:

आई, बादलीत पाणी ठेवू नका.

आपल्याला भास होतोय, असं तिला वाटलं. तेवढ्यात दुसरं आलं.

ती रडली तर लगेच उचला.

आणि तिसरं.

नाहीच रडली, तरी उचला.

साहेबांनी हाताला लागेल ते बटण दाबून पाहिलं. पान आपल्या गतीने, शांतपणे वर सरकत राहिलं. काम चोख झालं होतं, हेच तर दुखणं होतं. ती वायर उपटायला उठली, तर मालकांनी हात वर केला.

"बसा. मला वाचू द्या."

ती बसली. कपाटाच्या किल्ल्या आल्या, खिडकीची कडी आली, कुस्करलेलं केळं आलं. शेवटचं, चौदावं वाक्य भिंतीवर बराच वेळ थांबलं. तशी सोय तिनेच केली होती.

तिने माझी आठवण काढली नाही, तर मला सांगू नका.

मालकांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्या कंपनीची माहिती मी स्वतः कधी शेवटपर्यंत वाचलेली नाही," ते म्हणाले. "हे मात्र चौदाच्या चौदा वाचलं. रंग राहू द्या. आमच्या लिफ्टमध्ये रोज माणसं चढतात, त्यांची काळजी अशी लिहून आणा." दाराशी पोचल्यावर ते वळले. "फक्त सहावं चुकलंय. केळं कुस्करायचं नसतं, हातात द्यायचं असतं. तीन नातवंडं आहेत मला."

साहेब तिच्याकडे असे बघत होते, जणू हे सगळं त्यांनीच सुचवलं होतं. पण तिला आत्ता कुठे उमगलं, की सूचना भिंतीवर होत्या, म्हणजे घरी पोचल्याच नव्हत्या. ती जवळजवळ पळतच घरी आली.

सासूबाईंनी हसऱ्या चेहऱ्याने दार उघडलं. 'पस्तीस वर्षांचा अनुभव, अखंड सेवा, संपूर्ण विश्वास' हे त्यांनी सकाळीच वाचलं होतं आणि दोन्ही बहिणींना पाठवूनही दिलं होतं. सुनेने एवढं कौतुक पहिल्यांदाच केलंय, असं त्या म्हणाल्या. चूक सांगायला उघडलेलं तोंड तिने मिटून घेतलं.

लेक जमिनीवर बसून अख्खं केळं खात होती. बादली काठोकाठ भरलेली, पण न्हाणीघराच्या दाराला वरची कडी. ही कडी चौदांत नव्हती.

"आणि काळजी करू नकोस," सासूबाई म्हणाल्या, "दिवसभरात एकदासुद्धा तुझी आठवण काढली नाही हो हिने. म्हटलं, आल्याआल्या तुला हे सांगावं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि लेकीला उचलून घेतलं.

लेक काही रडत नव्हती. पण नियम तिनेच केला होता.