पुढे गाडी आहे

जावईबापूंनी एकच सिग्नल आणायचं ठरवलं होतं. जेवणाच्या टेबलावर त्यांची बॅटरीवरची छोटी रेल्वे गोल गोल फिरायची, तिच्या कडेला एक हिरवा दिवा असावा, बस्स. (टेबलावर रेल्वे असल्यामुळे घरचे मांडीवर ताट घेऊन जेवायचे. बायकोने त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.)

विमा कचेरीत कारकुनी करणाऱ्या या माणसाला एकच हाव होती, सासऱ्यांच्या तोंडून एक 'वा' ऐकायची. सासरे चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी जावयाकडे ते तडा गेलेल्या रुळाकडे बघावं तसे बघायचे.

सिग्नल बसला त्या दिवशी ते चहाला आले.

"हा हिरवा का?"

"छान दिसतो म्हणून."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "जावईबापू, सिग्नल मुळात लाल. पुढचा रस्ता मोकळा आहे अशी खात्री पटली, तरच हिरवा. रुळांतून बारीकशी वीज फिरत असते. गाडी आली की तिची लोखंडी चाकं दोन्ही रूळ जोडतात, वीज तिथूनच मागे फिरते, सिग्नलपर्यंत पोचतच नाही. म्हणून तो लाल पडतो. आता समजा, तार तुटली. मग?"

"तरी... लाल?"

"तरी लाल! बिघडला तरी माणूस मारत नाही तो."

जावईबापूंच्या अंगावर काटा आला. कचेरीत त्यांनी जे जे बिघडताना पाहिलं होतं, ते ते कुणाच्या तरी डोक्यावर पडताना पाहिलं होतं. बिघडतानाही दुसऱ्याची काळजी घेणारं यंत्र या जगात आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस ते "तरी लाल" असं पुटपुटत फायली फिरवत होते. साहेबांनी काळजीने रजा घ्यायला सांगितली आणि ती त्यांनी लगेच घेतली.

तीन आठवड्यांत टेबलावर सहा सिग्नल उभे राहिले आणि टेबलाखाली तारांचं जंगल माजलं. रविवारी सकाळी बुटांच्या खोक्याचा बोगदा रुळांवर उपडा ठेवला आणि काम संपलं. दुपारी सासरे आले, खुर्ची ओढून बसले. बायको दारात उभी राहिली.

जावईबापूंनी रिमोट दाबला. गाडी पहिल्या सिग्नलपुढे गेली आणि तिच्या मागे तो आपणहून लाल झाला. कुणी हात लावला नव्हता. गाडी रुळांच्या पुढच्या तुकड्यात गेली, तसा मागचा पुन्हा हिरवा. स्वतः केलेलं असूनही जावईबापूंनी टाळी वाजवली. बायकोसुद्धा "अगं बाई!" म्हणाली.

मग बोगद्याच्या अलीकडचा सिग्नल आला. लाल. त्यांनी गाडी थांबवली. मिनिट झालं, पाच मिनिटं झाली.

"बिघाड दिसतोय," ते घाम पुसत म्हणाले.

"बिघाड कशावरून? पुढे गाडी असेल."

"बाबा, माझ्याकडे एकच गाडी आहे!"

"सिग्नल म्हणतोय आहे."

जावईबापूंनी रिमोटकडे हात नेला. सासरे फक्त एवढंच म्हणाले, "लाल ओलांडणार?" हात जिथल्या तिथे थांबला.

मग जावईबापू बिघाड शोधायला टेबलाखाली शिरले. एक तार उपसली, वर आणखी एक सिग्नल लाल. दुसरी उपसली, आणखी एक. वरून सासऱ्यांचा आवाज आला, "वा!" तिसरी उपसली. "वा, वा! बघ गं, तुटली की लाल! एकही चुकत नाही!" अकरा वर्षांनी आलेला तो 'वा' ऐकून जावईबापूंना टेबलाखालीच हुंदका फुटला. आनंदाच्या भरात त्यांनी उरलेल्याही तारा उपसल्या. वर सहाच्या सहा सिग्नल लालभडक पेटले होते आणि म्हातारा हात जोडून बघत होता.

तेवढ्यात बायकोने बोगदा उचलला. आत दोन्ही रुळांवर आडवी, ऐटीत, लग्नातली अंगठी पडलेली होती. तारा जोडताना भाजायला नको म्हणून जावईबापूंनी ती काढून त्याच खोक्यात ठेवली होती, आणि पुढे तोच खोका बोगदा झाला.

"तीन आठवडे बोटात नाही," बायको सावकाश म्हणाली, "आणि तुम्हाला पत्ता नाही?"

जावईबापूंनी टेबलाखालूनच आशेने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी तेवढ्यात फोन काढून खात्यातल्या जुन्या मित्राला लावलाही होता. "अरे, ताबडतोब ये! असं चोख काम जन्मात पाहिलं नाहीस. एका अंगठीसाठी अख्खी लाइन अडवली सिग्नलने! ... कुणी केलं? आमच्या जावयाने. ... नाही रे, एकच मुलगी मला. तोच जावई."

मग पलीकडचं ऐकत ते टेबलाखाली वाकले आणि एकदा नीट बघून म्हणाले, "सुधारला? छे छे, तो आहे तसाच आहे."